टाकेबाईंचं गिऱ्हाईक

आमच्या ह्यांनी फोनवरून मागवलेली रजई आली ती विटेएवढ्या पुडक्यात. दार मीच उघडलं होतं. पुडकं हातात तोलून मी पोचवणाऱ्या माणसाकडे पाहिलं, तर तो केव्हाच जिन्याच्या वळणापर्यंत पोचला होता.

"यात दोघांची रजई आहे?" मी विचारलं.

"हवा काढून पाठवतात," हे म्हणाले. हवा काढायची कल्पना जणू ह्यांनीच काढली होती. "कात्री आण आणि जरा लांब उभी राहा."

कात्री लागली आणि पुडक्यानं मोठा सुस्कारा सोडला. मग ते फुगायला लागलं. टीपॉयवरचं वर्तमानपत्र खाली गेलं, पाठोपाठ ह्यांचा चष्मा गेला. पोटात काहीतरी गेल्यासारखी ती रजई फुगतच राहिली, आणि थांबली तेव्हा जाडीला भरपूर होती. लांबीला मात्र ती माझ्या पोटऱ्यांपर्यंत आणि रुंदीला एका सडपातळ माणसापुरती होती. फोटोत तिचा रंग आकाशी दिसला होता. समोर होता तो दवाखान्यातल्या पडद्याचा.

"अजून फुगायची असेल," हे म्हणाले.

आम्ही वाट पाहिली. चहा झाला, जेवण झालं, आम्ही समोर बसून वाट पाहिली. संसारात माणसाला जोडीदाराबरोबर काय काय बघत बसावं लागेल, काही सांगता येत नाही.

परत करायची तर ती 'मूळ वेष्टनात' करावी, अशी अट होती. आता फुगलेल्या वस्तूला पुन्हा विटेएवढं करणं हा गणिताचा प्रश्न म्हणून मी वर्गात घालू शकते. मी माध्यमिक शाळेत गणितच शिकवते. पण हॉलमध्ये तो सोडवणं वेगळं. आधी हे तिच्यावर बसले. मग मी बसले. मग खालच्या मजल्यावरचे विमा एजंट आवाज ऐकून वर आले आणि न सांगताच तेही बसले. बसल्या बसल्या त्यांनी ह्यांना एक पॉलिसीही समजावून दिली. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई धूळ ओढायचं यंत्र घेऊन आल्या. यंत्रानं हवा ओढायच्या ऐवजी रजईचा कोपरा ओढला आणि तो काही केल्या सोडेना. डॉक्टरीणबाईंनी एक पाय रजईवर रोवून, रोजच्या सवयीनं, तो उपटून काढला. कोपरा आला, पण मुळासकट आला. आतला पांढरा कापूस घरभर उडाला.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या यंत्रातल्या बाईनं माझा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे सांगितलं, वाजंत्री ऐकवली, आणि मला मिक्सरच्या भांड्यांच्या विभागात नेऊन सोडलं. मग लिहून तक्रार केली. उत्तर ताबडतोब आलं: 'आपल्या आनंदात आमचा आनंद आहे.' मी लिहिलं, 'मला आनंद झालेला नाही.' त्यावर उत्तर आलं, 'हे वाचून आम्हाला आनंद झाला.'

मी फोन खाली ठेवला आणि उभी राहिले. केसांत कापूस होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं.

"यापुढे या घरात अंगावर पांघरायची जी वस्तू येईल," मी म्हणाले, "ती अशा माणसाकडून येईल, ज्याच्या दुकानात जाऊन मला समोरासमोर भांडता येईल!"

"गोधड्यांचं दुकान आहे कोपऱ्यावर," विमा एजंट म्हणाले. "पण त्या बाईंशी भांडून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही."

एवढं मला पुरेसं होतं.

ते दुकान म्हणजे किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारची एक लांबट खोली. बाहेर पाटी नव्हती. दारातच एक लाकडी तख्त, आत छतापर्यंत चिंध्यांची गाठोडी, आणि तख्ताच्या कडेला मांडी घालून बसलेल्या टाकेबाई. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. चाळिशी नाकाच्या टोकावर, बोटात पत्र्याचं अंगुस्तान, आणि चेहऱ्यावर गिऱ्हाईक आल्याची स्पष्ट नाराजी.

"गोधडी हवी होती," मी म्हणाले.

"झोपता कशा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"कुशीवर, पाठीवर, की पालथ्या?"

माझ्या बरोबर हे होते, आणि शेजारी किल्ल्यांच्या दुकानात चांगली गर्दी होती. मी हळूच म्हणाले, "कुशीवर."

"मोठ्यानं बोला. आणि पांघरूण ओढतं कोण?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. टाकेबाईंनी पहिल्यांदा मान वर केली आणि आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"व्हा आडवे," त्या म्हणाल्या आणि तख्तावर हात आपटला.

"इथे?"

"मग काय, घरी येऊन बघू? अंदाजानं मी शिवत नाही."

आता मी काही लाजाळू बाई नाही. पण भर रस्त्यावर, ओळखीच्या किल्लीवाल्यासमोर, स्वतःच्या नवऱ्याशेजारी आडवं होणं यात पोक्त माणसाच्या प्रतिष्ठेचा काही भाग जातोच. हे मात्र निवांत आडवे झाले. मीही झाले. टाकेबाई आमच्याभोवती फिरून दोरीनं मापं घेत होत्या आणि 'गुडघे मिटा', 'नेहमीसारखे मिटा, फोटोतल्यासारखे नको' असं बजावत होत्या, तेवढ्यात माझ्या वर्गातल्या चार मुली दप्तरं घेऊन समोरून आल्या आणि खिळल्यासारख्या थांबल्या.

"बाई, बरं नाही का तुम्हाला?"

"उत्तम आहे," मी म्हणाले. "गृहपाठ झाला का?"

आडव्या अवस्थेत दरारा राखणं फार अवघड आहे, हे मी सर्व शिक्षकांच्या माहितीसाठी नमूद करते. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात तख्ताचं एक बऱ्यापैकी चित्र होतं. आयत म्हणून ते बरोबर काढलं होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

पण खरं सांगायचं तर मी त्या दुकानातून बाहेर पडले ती तरंगतच. कोणीतरी मला विचारलं होतं. मी कशी झोपते, माझे पाय गार पडतात का, मला जड पांघरूण आवडतं की हलकं. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. असो. त्यातच दुकानासमोर गाद्या-रजयांचं एक चकचकीत दालन नुकतंच उघडलं होतं. काचा, दिवे, दारात फुगे. ते बघून माझ्या मनात आलं, आता या बाईंचं कसं व्हायचं? दुकान तर बंदच पडणार. आणि ते मी बंद पडू देणार नाही.

हे मी कोणाला विचारून ठरवलं नाही, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सोसायटीच्या सभेत मी उठले आणि गोधडीवर बोलले. टाकीवर कोणाकडेच सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकून घेतलं. "आपल्या गल्लीतलं दुकान आपण जगवायचं नाही तर कोणी?" असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होते. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त ऑडिटर. माणूस सज्जन, पण नियमाशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. सभा संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक घरानं मला गोधडी सांगितली होती.

मी फुलून दुकानात गेले आणि ही आनंदाची बातमी टाकेबाईंना दिली.

त्यांनी सुई कापडात खोचली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"अहो, दुकान बंद पडू नये म्हणून..."

"कोण म्हणालं बंद पडतंय?"

"समोर ते एवढं मोठं दालन..."

"ते मला सोयीचं आहे," टाकेबाई म्हणाल्या. "त्यांच्या दिव्यात मला सुई ओवता येते. बाई, मी एका वेळी एक गोधडी शिवते. एवढी माणसं तुम्ही आणलीत, ती पांघरतील कधी? पुढच्या थंडीत?"

कोणी उपकार करायला जावं आणि त्याची पावती अशी मिळावी! दुसरी एखादी असती तर घरी जाऊन सगळ्यांची माफी मागून मोकळी झाली असती. पण घरी हे होते. आणि ह्यांनी त्या दालनाचं जाहिरातीचं पत्रक फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

"आम्ही मदत करू," मी म्हणाले. "सगळी सोसायटी शिवेल. तुम्ही फक्त सांगा."

"धावदोरा येतो तुम्हाला?"

"शाळेत होता."

त्यांनी मला एक चौकोन शिवायला दिला. मी शिवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि म्हणाल्या, "उसवा." मी उसवला, पुन्हा शिवला. "उसवा." संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बोटांची चाळण झाली होती, पण मला सहायक म्हणून ठेवून घेण्यात आलं होतं. ह्यांना मी एवढंच सांगितलं की काम फार छान चाललंय.

दुकानात दोन गोधड्या एका वेळी पसरता येत नव्हत्या, म्हणून काम आमच्या हॉलमध्ये आलं. टाकेबाई सकाळी दुकान बघत आणि दुपारी माझी शाळा सुटली की आमच्याकडे येत. सोफा भिंतीला उभा राहिला. टीव्ही चिंध्यांच्या गाठोड्यामागे गेला. ह्यांना क्रिकेट नुसतं ऐकावं लागे आणि धाव निघाली की गाठोडं चढून बघावं लागे. डॉक्टरीणबाई दवाखाना आटोपून येत, विमा एजंट सुया ओवून देत. त्यांनी टाकेबाईंच्या बोटांचा विमा उतरवण्याचा विषय काढला, त्यावर टाकेबाईंनी सुयांचा अख्खा डबा त्यांच्या पुढ्यात ओतला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आणि मग सेक्रेटरींची नोटीस आली. निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर.

मी वर गेले. सेक्रेटरी जेवणाच्या टेबलावर शिक्का आणि शाई मांडून बसले होते.

"वहिनी, माझा व्यक्तिशः विरोध नाही," ते म्हणाले. "पण हा धंदा नाही, असा नगरपालिकेचा दाखला आणा. विषय संपला."

नगरपालिकेतल्या कारकुनानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"धंदा असल्याचा दाखला आम्ही देतो. नसल्याचा कसा देणार?" तो म्हणाला. "आधी धंदा म्हणून नोंदवा. मग नोंदणी रद्द करा. रद्द झाल्याचा कागद देतो, तो तुम्हाला चालेल."

मी टाकेबाईंना घेऊन गेले. नोंदणीत धंद्याचा प्रकार निवडायचा होता. गादी होती, उशी होती, तंबू होता, ताडपत्री होती. गोधडी नव्हती.

"तंबू लिहू का?" कारकून म्हणाला. "त्यातल्या त्यात जवळचं तेच आहे."

"तंबू?" टाकेबाईंचा आवाज त्या अख्ख्या दालनात घुमला. "माझ्या हातच्या गोधडीला तंबू? तुम्ही झोपता कसे ते सांगा आधी!"

कारकून गोरामोरा झाला. पलीकडचे दोन साहेब उठून बघायला आले. मी टाकेबाईंचा दंड धरला, पण त्यांना बाहेर न्यायला नाही. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "लिहायचं तर गोधडी लिहा. नाहीतर काही लिहू नका." त्यांनी काही लिहिलं नाही. आम्ही ताठ मानेनं बाहेर पडलो आणि चुकीच्या जिन्यानं गेल्यामुळे थोडा वेळ जन्म-मृत्यू विभागात फिरलो, पण ताठ मानेनंच.

घरी येऊन मी सोसायटीची नियमावली काढली आणि चष्मा लावून वाचायला बसले. गच्चीबद्दल एक कलम सापडलं: सभासदांना करमणुकीसाठी गच्चीवर एकत्र बसता येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गच्चीवर. उन्हात सतरंज्या, मध्ये गोधड्या, भोवती सभासद. मी सगळ्यांना ताकीद दिली होती की आपण काम करत नाही आहोत, आपली करमणूक चालली आहे. तेव्हा सेक्रेटरी आले की चेहऱ्यावर करमणूक दिसली पाहिजे.

सेक्रेटरी आले. त्यांना पाहताच सगळ्यांनी एकदम हसायला सुरुवात केली. विमा एजंटांच्या बोटात त्याच क्षणी सुई गेली होती, त्यामुळे त्यांचं हसू बघवत नव्हतं.

"काय चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मजा," मी म्हणाले.

"उसवा," टाकेबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "सगळी ओळ वाकडी आहे."

"मजा असेल तर उसवायला का लावतात?"

"आम्हाला उसवण्यात मजा येते," मी म्हणाले. "नियमावलीत कुठल्या प्रकारची मजा करावी ते दिलेलं नाही. तुम्ही दाखवा, मी आत्ता थांबवते."

सेक्रेटरींनी नियमावली काढली, चाळली, मिटली. मग त्यांची नजर गोधडीच्या पलीकडच्या कडेला गेली. तिथे त्यांची बायको बसली होती. तोंडात दोरा, मांडीवर निळा चौकोन.

"तू इथे?"

सेक्रेटरीणबाईंनी दोरा तोडला. "मजा करतेय. जेवण झाकून ठेवलंय."

सेक्रेटरींनी नियमावली काखेत मारली. ते खाली गेले. आम्हाला वाटलं जिंकलो. थोड्या वेळानं ते खुर्ची घेऊन वर आले आणि कठड्याशी बसले. करमणूक खरोखर चालू आहे ना याची खात्री करायला ते त्यानंतर रोज येऊन बसत. कोणाचा चेहरा गंभीर झाला की म्हणत, "हसा." जगात कुठल्याही शिवणाऱ्यांवर एवढी कडक देखरेख झाली नसेल. पण कोणी उठून गेलं नाही, हे मी अभिमानानं सांगते. उलट, गोधड्या एकेक करून पुऱ्या होऊ लागल्या आणि टाकेबाई स्वतः त्या घरोघर नेऊन देऊ लागल्या.

आणि मग विमा एजंट गोधडी खांद्यावर टाकून माझ्या दारात उभे राहिले.

"वहिनी, एक बाजू आखूड आहे. माझा एक पाय बाहेर राहतो."

हे आतून नुसते बघत होते. फ्रिजवरचं पत्रक अजून तिथेच होतं. मी गोधडी जमिनीवर पसरली. आखूड होती. चांगली वीतभर आखूड होती.

"पाय आत घ्या," मी म्हणाले.

"अहो, पण..."

"हातानं शिवलेल्या वस्तूला थोडं समजून घ्यावं लागतं!" असं म्हणून मी दार लावलं, आणि मागच्या जिन्यानं तडक दुकान गाठलं. तिथे मात्र माझा बांध फुटला. "मी एवढ्या लोकांना शब्द दिलाय! मी सभेत बोललेय! माझी लाज काढलीत तुम्ही!"

टाकेबाई ऐकत होत्या. मग उठल्या, पिशवीत कात्री, सुया आणि दोऱ्याचं रीळ टाकलं.

"त्यांची गोधडी आखूड आहे ना? मग त्यांनी मला सांगावं. तुम्ही मध्ये कशाला दार लावता?"

"मी तुमची बाजू घेत होते!"

"माझी बाजू मला घेता येते. चूक माझी आहे. ती मी नीट करीन. माझ्या गोधडीची दुरुस्ती मरेपर्यंत असते. माझ्या नाहीतर गोधडीच्या, जे आधी होईल ते. हे तुम्ही लोकांना सांगायचं सोडून 'समजून घ्या' काय सांगता?"

मी बोलणी खाल्ली आणि त्यांची पिशवी उचलून दिली. वर्गात असं कधी होत नाही.

टाकेबाई एजंटांच्या घरी जाऊन बसल्या आणि कड उसवली. त्यांना आडवं व्हायला लावून ते तिरके झोपतात हे स्वतः पाहिलं. "मी सरळ माणसाची शिवली होती," असं म्हणून तिथेच बसून वीतभर पट्टी जोडली. तेवढ्यात एजंटांच्या आईच्या जुन्या शालीला गेलेलं भोकही त्यांनी न विचारता भरून टाकलं. चहा मात्र घेतला नाही, कारण चहा पाणचट दिसत होता, आणि तसं त्यांनी सांगितलंही. एजंट नंतर सगळीकडे सांगत फिरले की असली सेवा आपल्या कंपनीतसुद्धा नाही. मी लावलेल्या दाराबद्दल ते काही बोलले नाहीत. तो त्यांचा मोठेपणा, आणि मला तो फार टोचला. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात त्यांना गाठून म्हणाले, "कालचं मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "आता पाय आत आहे, वहिनी." तेवढ्यावर मिटलं.

सेक्रेटरींच्या घरी गोधडी गेली. डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी ती दवाखान्यातल्या खुर्चीवर टाकली, आणि दात उपटायला आलेली माणसं आता झोपी जातात म्हणे. सगळ्यांच्या झाल्या. फक्त आमची नव्हती.

"ज्यांनी गिऱ्हाइकं आणली त्यांचा नंबर शेवटी," टाकेबाई म्हणाल्या. "नाहीतर लोक म्हणतील, यांनी स्वतःसाठी केलं."

त्या सगळ्या थंडीत मी ह्यांच्या त्या कोपरा उपटलेल्या रजईखाली पाय उघडे टाकून झोपले. हे एका शब्दानं काही बोलले नाहीत, पण ज्या प्रकारे बोलले नाहीत ते मला पूर्ण ऐकू येत होतं.

आमची गोधडी आली तेव्हा उन्हाळा लागला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. रविवारी दुपारी टाकेबाई ती पाठीवर घेऊन आल्या. निळी, तांबडी, मधे माझ्या जुन्या साडीचे पिवळे चौकोन, आणि प्रत्येक टाका मोजून घ्यावा असा. जड होती. मी सांगितली होती तशीच जड. त्यांनी ती पलंगावर टाकली, चारही कोपरे ओढले, एक दोरा दातानं तोडला आणि वळून न बघता गेल्या.

"सुंदर आहे," हे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हे मला कळलं. "आता घडी घालून कपाटात ठेव. थंडीत काढू."

"कपाटात?" मी म्हणाले.

मी पलंगावर गेले, कुशीवर झाले, आणि गोधडी खांद्यापर्यंत ओढून घेतली.

"अगं, उकडेल!"

"मुळीच उकडत नाही."

घाम कपाळावरून कानात उतरत होता. ह्यांनी पंखा पूर्ण सोडला. तेवढ्यात बेल वाजली. हे उठायच्या आत मीच उठले आणि गोधडी अंगाभोवती गच्च लपेटून दार उघडलं. बाहेर सेक्रेटरी होते, बनियनवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा. टाकीच्या सभेची सूचना द्यायला आले होते.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "वहिनी, ताप आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "थंडी आहे."

मग त्यांनी सूचनेचा कागद दारातल्या स्टुलावर ठेवला आणि जिना चढू लागले. वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं. मी दारातच होते. गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. ते पूर्ण दिसेनासे होईपर्यंत मी दार लावलं नाही.